रंगाखाली

ऑक्टोबरची अखेर. विनिपेग सरोवराच्या काठाला
पापडाएवढ्या जाडीचा पहिला बर्फ.
बोट कालच बाहेर काढली,
आज ट्रेलरची पाळी.

चाकांना पाचरी ठोकल्या मी,
ट्रेलरच्या नाकाखाली ओंडके रचले, आडवे-उभे,
आणि जॅकचा दांडा धरला.
हलेना.
मग लोंबकळलेच त्याला, रबरी बुटांसकट अख्खी,
तेव्हा इंचभर फिरला आणि असा किंचाळला
की धक्क्यावरचे सीगल उठून
पलीकडच्या धक्क्यावर जाऊन बसले.

पाबी ट्रकमध्ये, हीटर लावून.
ब्याऐंशी वर्षं, नवा गुडघा, फोनची घंटा ऐकू येत नाही.
हे मात्र ऐकू आलं.
काच खाली करून म्हणाले,
"मी त्याची कधी हयगय केली नाही, बर्गा."
काच वर.

खोटं नाही ते. माझ्या आठवणीतला प्रत्येक ऑक्टोबर
हा माणूस इथेच ओणवा:
आधी तारेचा ब्रश, मग रंगाचा.
गिमलीत कुणाची बोट आमच्याहून मोठी असेल,
पण ट्रेलर? आयनारच्या ट्रेलरसारखा
नवरदेव दुसरा नव्हता.

जॅकच्या गळ्याशी एक चामखीळ आहे.
लहानपणी तिच्यावर मी बोट फिरवत बसायचे.
आज सहज पातं लावलं.
निळा निघाला. त्याखाली राखाडी.
त्याखाली तो नारिंगी, दुकानात डबे स्वस्त लागले होते त्या सालचा,
तेव्हा आई म्हणाली होती, भोपळा ओढत नेताय का?
परत निळा, परत निळा, मग गेरूसारखं काही,
आणि सगळ्यांच्या तळाशी
मोहरीएवढा छर्रा.
ग्रीस पाजायचं तोंड.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार
खात होता बिचारा इतकी वर्षं,
आणि दर वर्षी वर नवा अंगरखा.

मी ट्रककडे पाहिलं नाही.

टोपण उघडलं. आतलं ग्रीस मेणबत्तीच्या बुडासारखं,
पिवळं, नखाने निघणारं.
एकेक वायसर पुठ्ठ्यावर मांडला, निघाला त्या ओळीने,
कारण परत जाताना उलटं चालायचं असतं.
रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश,
त्यांच्याच चौकड्याच्या शर्टाची चिंधी.
स्क्रूच्या आट्यांत एक खवला सापडला, पिकरेलचा.
तिथे कसा गेला, माशालाच ठाऊक.

ग्रीसगनचा पहिला दाब: काही नाही.
दुसरा: चहासारखं तपकिरी पाणी.
चौथ्याला कुठेतरी आत
काहीतरी गिळल्याचा आवाज आला.
मग पार वर, पार खाली, पुन्हा पार वर,
अर्ध्यावर थांबलं तर अर्धाच जॅक बरा होतो.
आता दांडा दोन बोटांनी फिरतो,
फक्त दर फेरीला टक्.
एक दाता तुटलाय.

काच खाली. "टक् वाजतंय का?"
"वाजतंय."
"मग बरोबर लावलंस. ते घेतल्या दिवसापासून वाजतं."

आणि उतरले. एका हातात काठी,
दुसऱ्यात रंगाचा डबा. दुसरं काय असणार?
चामखिळीच्या जागी चमकणारं ते पाहून
बराच वेळ वाकून राहिले.
"वेल्डिंगचा थेंब वाटायचा मला," म्हणाले.
मी म्हटलं, मलाही.

गंजाच्या दोन जागा होत्या तेवढ्या रंगवल्या,
मग हात आपोआप गळ्याकडे गेला,
हात थरथरतो हल्ली,
म्हणून मी त्या तोंडावर अंगठा ठेवला
आणि ते भोवतीनं रंगवत राहिले,
जीभ दातांत धरून,
एक शब्द न बोलता.

पुढे सरोवर गोठलं,
बर्फाखाली जाळी सोडायला आम्ही निघालो,
तरी माझं नख निळंच होतं.